चिबड मातीतली मुळं : प्रकल्प नोंदी

१२ जून

मांडणी पूर्ण झाली. भात, मका, टोमॅटो आणि वाटाणा, प्रत्येकाच्या सहा कुंड्या. रोपं साधारण चार आठवड्यांची. सहापैकी तीन कुंड्यांतलं पाणी खालच्या भोकातून निथळून जाईल. उरलेल्या तीन टबात ठेवल्यात, मातीवर दोन सेंटिमीटर पाणी कायम राहील अशा बेताने. माती सगळीकडे एकाच ढिगातली, चाळून घेतलेली.

प्रश्न साधा आहे आणि तो बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मुळं पाणी घेण्यासाठीच मातीत उतरलेली असतात, मग पाणी जास्त झालं की झाड का सुकतं? "मुळं कुजतात" हे उत्तर सगळे देतात. पण कुजणं हा शेवटचा टप्पा झाला. त्याच्या आधी काय घडतं आणि काही झाडं तिथवर पोचण्याचं कसं टाळतात, ते मला डोळ्यांनी पाहायचंय.

वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द मोठ्या अक्षरात लिहिलाय: वाफसा. माती ओली आहे, पण कणांमधल्या पोकळ्यांत हवाही खेळते आहे, अशी अवस्था. शेतकऱ्याला जे बोटांनी कळतं ते एका शब्दात सांगणारा इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही. चिबड जमीन म्हणजे जिला वाफसा येतच नाही ती.

मॅडमनी आणखी एक मांडणी जोडायला लावली. मक्याची चार रोपं मातीशिवाय, नुसत्या पोषक द्रावणाच्या बरण्यांत. दोन बरण्यांत मत्स्यपेटीचा हवेचा पंप, दोन तशाच. मुळं चौघांचीही पूर्ण पाण्यात.

१३ जून

सकाळी नऊला टब भरले. पंपाच्या बरणीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ७.८ मिलिग्रॅम. कुंडीच्या मातीत आधीच पुरलेल्या बारीक नळीतून सिरिंजने पाणी ओढून मोजलं, तर संध्याकाळी सहाला १ च्याही खाली. सिरिंज ओढताना थोडी हवा मिसळतेच, म्हणजे खरा आकडा त्याहून कमी. नऊ तासांत एवढं!

कारण आकड्यांतच आहे. एक लिटर हवेत २७० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. २५ अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ. म्हणजे साठाच तीसेक पटींनी लहान. त्याहून मोठी अडचण पुरवठ्याची: ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने पाण्यातून पसरतो. मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून असलेला साठा संपवतात आणि वरून नवा उतरेपर्यंत फार उशीर होतो.

१५ जून

टोमॅटोच्या तिन्ही कुंड्यांत पानांचे देठ खाली झुकलेत. आधी वाटलं, मान टाकली. पण पान बोटांत धरलं तर ताठ, भरलेलं. कोनमापक लावून मोजलं. परवा खोडाशी ५५ अंशांच्या आसपास असलेले देठ आज ९० च्या पुढे गेलेत. निचऱ्याच्या कुंड्यांत काहीच बदल नाही.

याचा उलगडा वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसले. इथिलीन म्हणजे झाडाचं वायुरूप संप्रेरक. ते बनवण्याची शेवटची पायरी ऑक्सिजनशिवाय होत नाही. गुदमरलेल्या मुळात त्याआधीचा पदार्थ, एसीसी, साचत राहतो आणि रसाबरोबर वर चढतो. पानापर्यंत पोचला की तिथे हवा असतेच, मग इथिलीन तयार होतं, देठाच्या वरच्या बाजूच्या पेशी खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढतात आणि देठ खाली वळतो. एसीसीचा हा प्रवास ब्रॅडफर्ड आणि यँग यांनी १९८० साली टोमॅटोतच दाखवला. मुळाची घुसमट पानाला कळवणारा हा निरोप आहे, आणि तो अर्धवट बनलेल्या रेणूच्या रूपात येतो.

वाटाण्याचं मात्र खरोखर कोमेजणं. पानं मऊ, लोंबती. पाण्यात उभं राहून तहानलेलं रोप. इथे कारण वेगळं. ऑक्सिजन संपला की पेशींतला रस आम्ल होतो, आणि मुळाच्या पेशींच्या पडद्यातले पाणी आत घेणारे मार्ग, ॲक्वापोरिन, त्या आम्लतेने बंद होतात. हे २००३ साली ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या मुळांवर सिद्ध झालं. भोवती पाणीच पाणी, पण दारं लागलेली.

१८ जून

मातीचा रंग बदलला. टबातल्या काचेच्या एका कुंडीत स्पष्ट दिसतं: वर दोनतीन मिलिमीटरचा तपकिरी थर, त्याखाली सगळं करडं. तपकिरी थरापर्यंतच ऑक्सिजन पोचतो.

ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू थांबत नाहीत, श्वसनासाठी दुसरं काहीतरी धरतात. आधी नायट्रेट, मग मँगेनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि सगळ्यात शेवटी कार्बन डायऑक्साइड, ज्याचा मिथेन होतो. क्रम साधारण हाच, कारण प्रत्येक पायरीला आधीपेक्षा कमी ऊर्जा मिळते. झाडाला याचा दुहेरी फटका. नायट्रेट वायू होऊन उडून जातं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. दुसरीकडे लोह विरघळून इतकं वाढतं की ते विषारी ठरतं. सडक्या अंड्यासारखा वास अजून नाही. म्हणजे बहुधा आपण लोहाच्या पायरीवर आहोत.

२० जून

वाटाणा गेला. तिन्ही कुंड्या. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात येते आणि मधला पांढरा दोरा तेवढा उरतो.

बरण्यांतल्या मक्याचा निकालही आज लिहून टाकते. पंपाच्या दोन्ही बरण्यांत मुळं पांढरीशुभ्र, लांब, रोपं हिरवीगार. पंप नसलेल्या बरण्यांत वाढ खुंटली, टोकं पिवळसर. पाणी चौघांनाही तेच आणि तेवढंच मिळालं होतं. मुळं पाण्याने मरत नाहीत, हे मला आता कोणाच्या शब्दावर विसंबून म्हणावं लागणार नाही.

२३ जून

आज दिवसभर छेद घेतले. तो सगळा प्रकार नीट लिहून ठेवते, कारण सकाळचे चार तास चुकीच्या मुळावर गेले.

टबातला मका अजून बऱ्यापैकी उभा आहे, खालची दोन पानं पिवळी. वाचलं होतं की पाण्यात मक्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या होतात, एरेन्कायमा. मूळ काढलं, दाढीच्या ब्लेडने पातळ चकत्या केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. पोकळी कुठेच नाही. तपकिरी, चेपलेल्या पेशींचा लगदा. दुसरं मूळ घेतलं, तेच. पाचव्या चकतीनंतर मॅडम आल्या, नळीतून पाहिलं आणि विचारलं, "हे मूळ कुठून काढलंस? पाणी भरायच्या आधीचं की नंतरचं?"

मी पाहिलंच नव्हतं. परत कुंडीकडे गेले. पाण्याखाली, खोडाच्या सगळ्यात खालच्या पेरातून सातआठ जाड, पांढरी, नवी मुळं फुटलेली. तेरा तारखेला ती नव्हती. त्यातलं एक कापून आणलं.

टोकापासून १ सेंटिमीटरवर छेद भरीव. ५ सेंटिमीटरवर सालीच्या भागात फटी. १० सेंटिमीटरवर जे दिसलं ते पाहून मी बराच वेळ काही लिहिलंच नाही. बाहेर एक गोल कडा, मध्ये वाहिन्यांचा गोल खांब, आणि दोघांना जोडणाऱ्या पेशींच्या मोजक्या रांगा, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. बाकी सगळं मोकळं. निचऱ्याच्या कुंडीतल्या तेवढ्याच मुळाच्या त्याच जागी साल पेशींनी गच्च भरलेली.

खात्रीसाठी आणखी एक. दोन्ही मुळांचे तुकडे पाण्याने भरलेल्या सिरिंजमध्ये घातले, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढला. नव्या मुळाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ निघाली. दट्ट्या सोडल्यावर पोकळ्यांत पाणी शिरलं आणि तोवर तरंगणारा तो तुकडा तळाला गेला. दुसऱ्यातून चारदोन बुडबुडे.

म्हणजे पानातून खोडात, खोडातून मुळात, थेट टोकाजवळपर्यंत हवेची नळी. ऑक्सिजनने मातीतून उतरायचं सोडून झाडाच्या आतून उतरायचं.

२४ जून

काल रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले. मक्याच्या या पोकळ्या इथिलीनमुळे होतात हे १९७९ मध्येच दाखवलं गेलंय. मुळात इथिलीन थोडंफार नेहमीच बनतं आणि कोरड्या मातीत ते पोकळ्यांतून निसटून जातं. मुळाभोवती पाणी आलं की तो वायूही अडकतो, कारण पाणी त्यालाही तसंच रोखतं. जे पाणी ऑक्सिजनला आत येऊ देत नाही तेच इथिलीनला बाहेर जाऊ देत नाही. मुळाला "तू बुडलंस" हे त्या साचण्यातून कळतं. मग सालीतल्या ठरावीक पेशी ठरवून मरतात, आपली भिंत विरघळवतात आणि जागा मोकळी करतात. कडेच्या आणि आऱ्यांच्या पेशी तशाच जिवंत राहतात.

यात एक अट दडलेली आहे. इथिलीन बनायला थोडा ऑक्सिजन लागतो, हे टोमॅटोच्या नोंदीत लिहिलंय. ऑक्सिजन पूर्ण संपलेलं मूळ ही नळी खोदूच शकत नाही. काम सुरू व्हायला हवं ते हवा कमी झालेली असताना, संपायच्या आत. त्यानंतर उरतं फक्त आंबवणं: साखरेच्या एका रेणूतून हवेत तीसेक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मिळतात, आंबवून फक्त दोन, आणि वर इथेनॉल तयार होतं. तेवढ्यावर मूळ काही तास, फार तर थोडे दिवस तग धरतं. वाटाण्याचं तेच झालं.

मॅडमचा प्रश्न आता वेगळाच ऐकू येतो. पाणी भरायच्या आधीचं मूळ की नंतरचं? मक्याने जुनी मुळं वाचवलेली नाहीत. ती मेली. मका टिकला तो नव्या मुळांवर. यापुढे प्रत्येक मुळाची जन्मतारीख नोंदवायची.

२८ जून

मिथिलीन ब्लूचा प्रयोग. परवाचा पहिला प्रयत्न वाया गेला: रंग घालवायला सोडियम डायथिओनाइट गरजेपेक्षा जास्त पडलं, त्यामुळे मुळातून ऑक्सिजन आला तरी तो तिथेच संपत होता आणि रात्रभर बरणी बिनरंगी राहिली. आज थेंबाथेंबाने घातलं, निळा रंग जेमतेम जाईपर्यंतच.

युक्ती अशी. ०.१ टक्का अगर घातलेलं पाणी उकळून त्यातली हवा काढायची. अगरमुळे ते हलत नाही. त्यात रंग घालवलेला मिथिलीन ब्लू. जिथे ऑक्सिजन भेटेल तिथे तो पुन्हा निळा होतो. रोपाची मुळं आत, पानं बाहेर. मुळातून हवा कुठे गळते ते डोळ्यांना दिसतं.

मक्याचं नवं मूळ तासाभरात लांबच्या लांब फिकट निळं झालं. नळी आहे, पण ती वाटेत सगळीकडे गळते. टोकाशी पोचेस्तोवर फार थोडं उरत असणार.

निचऱ्याच्या कुंडीतल्या भाताचं मूळही तसंच, पूर्ण लांबीभर निळं. भाताला पोकळ्या कोरड्यातही असतात, पण गळती होतेच.

मग टबातल्या भाताचं नवं मूळ सोडलं. एक तास काही नाही. दीड तासाने फक्त टोकाशी, शेवटच्या दोनतीन सेंटिमीटरवर, गडद निळा ढग. वरचा सगळा भाग स्वच्छ. मी प्रयोगशाळेतल्या काकांना हाक मारली, "काका, जरा बघता का, मला जे दिसतंय तेच दिसतंय ना?" काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, नळीला बाहेरून लेप दिल्यासारखं दिसतंय."

अगदी तेच आहे. पाणी साचलं की भाताची नवी मुळं बाहेरच्या पेशींच्या भिंतींत सुबेरिन भरतात, बुचाच्या झाडाची साल ज्या पदार्थामुळे पाणी धरत नाही तोच. त्यामुळे हवा वाटेत न सांडता टोकापर्यंत जाते, जिथे पेशी विभागत असतात आणि गरज सगळ्यात जास्त असते. बाहेरचं विषारी लोह आणि सल्फाइडही याच लेपामुळे सहजासहजी आत येत नाही. लागवडीच्या मक्यात हा लेप नाही. निकाराग्वाच्या पाणथळ किनारपट्टीवर वाढणारं त्याचं रानटी भावंड, झिया निकाराग्वेन्सिस, त्यात मात्र तो आहे, आणि तिथून तो गुण मक्यात आणायचे प्रयत्न झालेत.

फोटो वीस काढले. एकही त्या निळ्याला न्याय देत नाही.

१ जुलै

पहिल्या दिवशी प्रत्येक टबाच्या आणि निचऱ्याच्या एका कुंडीच्या मातीत प्लास्टिक पाइपची एकेक कांडी खोचून ठेवली होती, लोहाच्या गंजाचा रंग फासलेली. आज उपसल्या. निचऱ्याच्या मातीतली कांडी जशीच्या तशी केशरी. टबातल्यांवर वरचा थोडा पट्टा सोडला तर रंग जागोजाग धुपून पांढरा पाइप उघडा पडलाय: जिवाणूंनी लोह क्षपण करून विरघळवलं.

याच्या अगदी उलट चित्र भाताच्या मुळांवर. करड्या मातीतून मूळ धुऊन काढलं तर त्यावर गंजाचा केशरी मुलामा. टोकातून आणि बारीक उपमुळांतून निसटणारा ऑक्सिजन विरघळलेल्या लोहाला पुन्हा गंज बनवतो. कांडीवरून जे लोह गेलं तेच इथे मुळावर बसलेलं पाहायला मिळालं.

३ जुलै

मक्याच्या एका टबातलं पाणी काढलं. वाटलं होतं, आता सुटका. दुपारी दोनला वरची पानं सुरळी होऊन लोंबली.

हवा परत येणं हाही धक्काच असतो. घुसमटीला सरावलेल्या पेशींत अचानक ऑक्सिजन शिरला की त्याचे उग्र, जाळणारे रेणू तयार होतात. साचलेल्या इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते आणखी विषारी. शिवाय जुनी मुळं मेलेली, आणि उन्हाची मागणी पूर्वीइतकीच. कुंडी सावलीत हलवली. संध्याकाळी पानं उघडली, पण दोन टोकं करपली ती करपलीच. उरलेले दोन टब असे एकदम रिकामे करणार नाही, पातळी रोज थोडी उतरवेन.

६ जुलै

भाताची एक कुंडी पूर्ण बुडवली, पानांसकट. बुडालेलं पान बाजूने पाहिलं तर चांदीसारखं चमकतं. पानाच्या मेणचट, खरखरीत पृष्ठभागाला हवेचा पातळ पापुद्रा चिकटून राहतो, आणि त्यातून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड दिवसा आत जातो, रात्री ऑक्सिजन. शेजारच्या पानावर पातळ साबणपाणी चोळून बुडवलं. चमक गेली, पान काचेसारखं ओलं दिसू लागलं.

पूर्ण बुडाल्यावर भाताकडे दोन परस्परविरुद्ध डाव आहेत. खोल पाण्यातला भात स्नॉर्केल नावाच्या दोन जनुकांच्या जोरावर खोड लांबवत पाण्याच्या वर येतो, दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. ही जनुकं २००९ मध्ये सापडली. दुसरा डाव सब१ए या जनुकाचा, २००६ मध्ये ओळखलेला: वाढ थांबव, साखर जपून ठेव, पाणी ओसरेपर्यंत गप्प राहा. पाणी महिनोन्‌महिने राहणार असेल तर पहिला उपयोगी, दहापंधरा दिवसांत उतरणार असेल तर दुसरा. गंमत म्हणजे दोन्ही जनुकं एकाच घराण्यातली, आणि दोघांनाही जागं करतं ते साचलेलं इथिलीनच. माझी जात साधी आहे, तिच्याकडून यातलं काही अपेक्षित नाही. चार दिवसांनी वर काढेन.

९ जुलै

टोमॅटो. इतके दिवस त्याच्याकडे दुर्लक्ष झालं. तीनपैकी एक रोप मेलं. उरलेल्या दोघांच्या खोडावर पाण्याच्या रेषेलगत पांढरे फोड आले होते, तिथूनच मुळं फुटलीत, बोटभर लांब, मातीत न शिरता पृष्ठभागालगतच्या पाण्यात आडवी पसरलेली. ऑक्सिजन जिथे सगळ्यात जास्त, तिथेच. वरची नवी पानं सरळ, देठ पुन्हा वर वळलेले.

मातीखाली बोट घातलं. जुना मुळांचा झुपका काळा, बुळबुळीत, आणि आता तो वासही आहे.

मॅडमना म्हटलं, "मला वाटतं हे रोप जुन्या मुळांवर जगतच नाहीये." त्या म्हणाल्या, "वाटतं ना? मग कापून बघ. दोन आहेत तुझ्याकडे."

११ जुलै

सकाळी आठला एका रोपाचं खोड नव्या मुळांच्या खाली, मातीच्या बरोबरीने, ब्लेडने आडवं कापलं. काळा झुपका कुंडीतच राहिला. वरचा भाग काठीला सैल बांधून त्याच टबात, त्याच पातळीला ठेवला. दुसरं रोप न कापता शेजारी.

दुपारी दोन: दोन्हींची पानं ताठ. देठाचे कोन, कापलेलं ५८, न कापलेलं ६०.

१२ जुलै

दुपारी दोन, लख्ख ऊन. कापलेलं ५७, न कापलेलं ६०. पानं ताठ. कापलेल्या रोपाच्या शेंड्याला एक नवं पान उलगडतंय, आणि पाण्याच्या रेषेवर आणखी तीन फोड.